‘पुढे काही नाही’ असं लेकीला सांगून बसलेय

पत्राचा गोषवारा: या वाचक मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. 2003 मध्ये शिकायला अमेरिकेत गेल्या आणि तिथेच स्थिरावल्या. विद्यापीठात असताना चौघी मैत्रिणी एका भाड्याच्या घरात राहत. त्या घरात ‘फायरफ्लाय’ नावाच्या बंद पडलेल्या मालिकेचा डीव्हीडी संच आला आणि मग नुसती पारायणं सुरू झाली. 2005 च्या मे महिन्यात, मालिकेची पुढची गोष्ट सांगणारा ‘सेरेनिटी’ हा सिनेमा चाहत्यांना आगाऊ दाखवला, तेव्हा चौघी नटूनथटून गेल्या. त्यात त्यांचा लाडका वैमानिक वॉश मेला. त्यानंतर त्यांनी तो सिनेमा पुन्हा कधी लावला नाही. आता त्यांच्या 15 वर्षांच्या लेकीने हिवाळ्याच्या सुट्टीत 14 भाग संपवले. तिचाही लाडका वॉशच, आणि टेबलावर त्याच्यासारखेच प्लास्टिकचे डायनासोर. ‘आता पुढे काय?’ असं तिने विचारल्यावर आई म्हणाली, ‘पुढे काही नाही, मालिका बंद पाडली.’ गेल्या आठवड्यात लेक नाचतच घरी आली. ‘आई, सिनेमा आहे म्हणे! तुला माहीतच नव्हतं?’ आई म्हणाली, ‘हो का?’ येत्या शुक्रवारी मैत्रिणीच्या घरी तो पाहायचा बेत ठरतोय. वाचक विचारतात: खोटं बोलल्याचं कबूल करू का? वॉशचं आधी सांगून टाकू का? की बघूच नको म्हणू? नवरा म्हणतो, एका सिनेमासाठी एवढं काय? त्या पुढे लिहितात: ‘ज्यांच्यासाठी आम्ही एवढं केलं, त्यांनीच दगा दिला. त्या सिनेमाने मालिकासुद्धा नासवली.’

प्रिय मैत्रिणी,

आधी बाकीच्या वाचकांना सावध करते. ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे, त्यांनी आजचं सदर बाजूला ठेवावं. कोण मेलं आणि कसं मेलं हे न सांगता या पत्राला उत्तर देताच येणार नाही.

जे थांबले, त्यांच्यासाठी थोडक्यात पूर्वपीठिका. ‘फायरफ्लाय’ सप्टेंबर 2002 मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. गोष्ट साधारण पाचशे वर्षांनंतरची. यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा मॅल नावाचा सैनिक एक जुनाट मालवाहू यान घेऊन ग्रहाग्रहांवर हमाली आणि भुरट्या चोऱ्या करत फिरतो. यानाचं नाव सेरेनिटी, आणि त्यावर नऊ माणसं. हिरव्या कातडीचे परग्रहवासी वगैरे भानगड नाही. घोडे आहेत, बंदुका आहेत, उधारी आहे आणि शिव्या चिनी भाषेत आहेत. वाहिनीने मालिकेला वेळ दिली शुक्रवार रात्रीची, म्हणजे जिचा प्रेक्षक नेमका घराबाहेर असतो ती. भागही उलटसुलट क्रमाने दाखवले. सगळ्यांची ओळख करून देणारा पहिला, दुप्पट लांबीचा भाग सगळ्यात शेवटी, 20 डिसेंबर 2002 ला दाखवला आणि मालिका गुंडाळली. तयार होते 14 भाग, दाखवले 11. वर्षभराने डीव्हीडी आली ती हातोहात खपली. त्या खपाच्या जोरावर युनिव्हर्सलने सिनेमाला पैसे दिले आणि 30 सप्टेंबर 2005 ला ‘सेरेनिटी’ थिएटरात लागला.

आता तुमच्याकडे वळते.

खोट्याचं काय करायचं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे, म्हणून तो आधी संपवू. आजच सांगून टाका. ‘सिनेमा आहे हे मला माहीत होतं. मी तो पाहिलाय, मला तो सोसला नाही, म्हणून तुला नाही म्हटलं.’ एवढंच पुरे. त्याला ‘तुझ्या भल्यासाठी’ची शेपटी जोडू नका, कारण ते खरं नाही. तुम्ही ते स्वतःसाठी केलंत, आणि पंधरा वर्षांच्या पोरीला असली शेपटी लांबून ओळखता येते. ती हसेल, नाहीतर दोन दिवस टोमणे मारेल. मात्र शुक्रवारी सिनेमा संपल्यावर तिला हे आपोआप उमगलं, की आईला सगळं ठाऊक होतं आणि ‘हो का?’ म्हणून तिने मान डोलावली, तर ते जास्त लागेल.

खरा गुंता पुढचा आहे. तुम्ही असं धरून चालला आहात, की 2005 मध्ये तुम्हाला जे झालं तेच शुक्रवारी तिला होणार. मला नाही तसं वाटत.

तुमच्या वाट्याला आधी आली ती बंद पडलेली मालिका. ती वाचवायला चाहत्यांनी वर्गणी काढून ‘व्हरायटी’ या व्यवसायपत्रात जाहिरात छापली होती. तुम्ही उशिरा सामील झालात, पण संच विकत घेऊन ओळखीच्या सगळ्यांना तो बळेबळे दाखवण्याचं काम तुम्हीही केलंत. म्हणजे सिनेमा पडद्यावर आला तोवर त्यात तुमची गुंतवणूक होती, वाट पाहणं होतं, आपण जिंकलो ही भावना होती. त्या विजयाच्या मिरवणुकीत वॉश गेला. तुमच्या लेकीने मात्र कशाचीच वाट पाहिलेली नाही. तिने रजई पांघरून, ओळीने, बरोबर क्रमाने 14 भाग पाहिले आणि पुढची गोष्ट तिला एका आठवड्यात मिळतेय. ती रडेल, नक्की रडेल. पण तिच्या रडण्यात ‘आम्ही एवढं केलं आणि तुम्ही’ हे नसेल. गोष्टीतलं माणूस गेल्याचं ते साधं रडू असेल, आणि ते रडायला पंधरा हे वय चांगलं आहे.

आता तो प्रसंग. तुम्ही तो पुन्हा पाहिला नाहीत, पण पत्रात त्याचं वर्णन इतकं बारकाईनं केलंय, की तो तुमच्या डोक्यात चालूच आहे असं दिसतं. बंद पडलेलं यान वॉश जवळजवळ नुसत्या हातांच्या जोरावर खाली आणतो. घसटत, फरफटत ते थांबतं. तो मागे टेकतो, ‘मी वाऱ्यावरचं पान आहे’ ही आपली ओळ पुन्हा म्हणायला लागतो आणि काच फोडून आलेला भाला त्याच्या छातीतून आरपार जातो. शेवटचे शब्द नाहीत, मांडीवर डोकं नाही, संगीताचा टाहो नाही. त्याची बायको झोई त्याला ‘ऊठ, हल’ म्हणत असते आणि मॅल तिला ओढून काढतो, कारण दुसरा भाला तिच्याच जागी येणार असतो. शोक करायला तिला पुढचा अर्धा तास सवड मिळत नाही.

तुम्ही म्हणता, हे उगाच केलं, धक्का द्यायचा म्हणून केलं. धक्का द्यायचा होता हे खरंच आहे. त्या क्षणापर्यंत प्रेक्षक निर्धास्त असतो, की मालिकेतली माणसं आहेत, यांना काय होतंय! वॉश गेल्यावर पुढच्या लढाईत यानाची मेकॅनिक केली हिच्या मानेत सुया घुसतात, यानावरचा डॉक्टर सायमन याला गोळी लागते, आणि थिएटरातल्या एकालाही खात्री नसते की हे उठतील. त्या लढाईचा जीव त्या भाल्यावर टांगलेला आहे. मला विचाराल तर सिनेमाची कारागिरी म्हणून हे चोख आहे आणि वॉशवर अन्यायही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काही हरकत नसावी.

पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं आणि मला वाटलं, तुमचा राग वॉशपाशी थांबत नाही. तुम्ही मालिकेबद्दल काय काय लिहिलंय ते बघा: जेवणाच्या खोलीतल्या भिंतींवरची ती रंगवलेली फुलं, तिथलं लांब लाकडी टेबल, धर्मोपदेशक बुकने भाड्यापोटी आणलेल्या खोक्यातली स्ट्रॉबेरी आणि ती खाताना केलीचा चेहरा. या मालिकेची चोरी-दरोड्याची कथानकं कुणाला धड आठवत नाहीत. आठवतात ती टेबलाभोवतीची नऊ माणसं, एकमेकांच्या ताटात डोकावणारी. आता सिनेमा आठवा. तो सुरू होतो तेव्हाच नवांपैकी इनारा यान सोडून गेलेली आहे, बुक दूर हेवन नावाच्या वस्तीवर राहतोय, सायमन आणि त्याची बहीण रिव्हर निघून जायच्या बेतात आहेत. मॅल इतका कडवट झालाय, की त्यांच्या उडत्या गाडीला लटकलेल्या माणसाला तो खाली ढकलतो आणि मग रीव्हर नावाच्या, माणसं खाणाऱ्या टोळ्यांच्या तावडीतून सोडवायला गोळी घालतो. पूर्ण दोन तासांत ती नऊ माणसं एका टेबलाभोवती एकदाही बसत नाहीत. तुम्ही त्या घरी परत जायला म्हणून तिकीट काढलंत आणि घर मोडलेलं निघालं. वॉश त्यानंतर मेला.

पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय. त्याच उन्हाळ्यात तुमच्या घराचा करार संपला आणि चौघी चार गावांना गेलात. मी काही मनाची डॉक्टर नाही. हे मी ताडते आहे, लागू पडत नसेल तर सोडून द्या. पण रिकामं करायला निघालेल्या घरातून उठून तुम्ही तो खेळ पाहायला गेला होतात, हे मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. त्या तिघींपैकी कुणाशी अजून बोलणं असेल, तर या आठवड्यात फोन करा आणि सांगा, की पुढची पिढी वॉशपर्यंत पोचली.

मग दगा कुणी दिला? सिनेमाकडे 119 मिनिटं होती. मालिकेकडे जवळपास अकरा तास होते, आणि पुढे कित्येक वर्षं मिळतील या हिशेबाने त्यातली रहस्यं पेरलेली होती. रिव्हरच्या डोक्यात काय आहे, त्या रीव्हर टोळ्या कुठून आल्या, सरकार काय लपवतंय, हे सगळं चवीचवीने उलगडायचं होतं. ते मिरांडा ग्रहाच्या एका भेटीत उरकावं लागलं: लोक शांत व्हावेत म्हणून हवेत सोडलेलं औषध, जागच्या जागी आडवी होऊन मेलेली तीन कोटी माणसं, आणि उरलेल्या मूठभरांचे झालेले राक्षस. शिवाय ज्याने मालिकेचं नावही ऐकलेलं नाही, अशा प्रेक्षकालाही ते कळायला हवं होतं, नाहीतर युनिव्हर्सलने पैसे कशाला घातले असते? त्या घाईत तपशील हलले. मालिकेत सायमन पैसे मोजून दुसऱ्यांकरवी बहिणीला सोडवतो, सिनेमात स्वतः जाऊन सोडवतो. बुकच्या भूतकाळावर तर सरळ पडदा टाकला. ‘कधीतरी सांगावं लागेल’ असं मॅल म्हणतो आणि बुक ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. या घाईबद्दल तुमची तक्रार असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. शेवट म्हणून हा सिनेमा धावतपळत केलेला आहेच.

‘वॉशला मारलं म्हणून पुढचे सिनेमे आले नाहीत’ हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. सिनेमाला सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलर लागले आणि जगभरात तिकीटविक्री झाली साधारण 4 कोटींची. त्यातला मोठा हिस्सा थिएटरवाले ठेवून घेतात. या आकड्यांवर कुणी दुसरा भाग काढत नसतो, वॉश जिवंत असता तरीही.

आणि ‘आम्ही मागितलं म्हणून मिळालं’ हा हक्क कुठवर ताणायचा? आपल्याकडचंच पाहा. दूरदर्शनवरची ‘रामायण’ मालिका 1988 मध्ये राज्याभिषेकावर संपली. लोकांनी पुढची गोष्ट हवी म्हणून आग्रह धरला, वाल्मीकी समाजातून तर आंदोलनं झाली, आणि त्याच वर्षी उत्तररामायण सुरू झालं. म्हणजे मागणाऱ्यांच्या पदरात पुन्हा सीतेचं वनात जाणं पडलं. पुढची गोष्ट मागितली की तिच्यात जे आहे ते सगळं येतं. म्हणूनच अनेक घरांत पारायण राज्याभिषेकाशी थांबवतात आणि पोथी बांधून ठेवतात. त्यांना कुणी खोटं म्हणत नाही. तुम्हीही 14 भागांवर पोथी बांधलीत, तुमचा तो अधिकार आहे. फक्त ‘पुढे काही नाही’ असं म्हणू नका, ‘मी इथे थांबते’ असं म्हणा.

चाहत्यांच्या दडपणाने मेलेला परत येतो असंही झालंय. ‘स्टार ट्रेक’च्या 1982 च्या सिनेमात स्पॉक मरणार अशी कुणकुण आधीच लागली होती, लोक खवळले होते. तरी तो मेला आणि 1984 च्या सिनेमात परत आला. वॉशच्या बाबतीत तसं झालं असतं, तर तुम्हाला आनंद झाला असता का? एखाद वर्ष झाला असता. मग झोईच्या त्या ‘ऊठ, हल’ला काय अर्थ उरला असता, कोण जाणे.

आता ‘मालिका नासली’ या वाक्याकडे येते, कारण अशी पत्रं मला इतरही येतात आणि बहुतेकांत हे वाक्य असतं.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण घेते, म्हणजे फरक दिसेल. ‘ऑफिस ऑफिस’ आठवते ना? पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर भागात नव्या कचेरीत जायचा आणि प्रत्येक कचेरीत तेच पाच चेहरे बसलेले असायचे. पान चघळणारा शुक्ला, समोसे हाणणारा भाटिया, आणि आपल्या आसावरी जोशींच्या उषाजी, ‘वही तो’ म्हणणाऱ्या. कचेरी कुठलीही असो, माणसं तीच, हा त्यातला सगळा विनोद, आणि तो वीस-बावीस मिनिटांत बसायचा. 2011 मध्ये तिचा सिनेमा आला. निवृत्त शिक्षक मुसद्दीलाल पेन्शन कचेरीच्या दप्तरात मेलेला आहे आणि त्याला आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचंय. कल्पना नामी होती, पण वीस मिनिटांचा विनोद दोन तास ताणला की त्याचा दम जातो, तसा तो गेला. लोक निराश झाले. पण ‘त्या सिनेमाने मालिका नासवली’ असं म्हणणारं मला कुणी भेटलेलं नाही. सिनेमा विसरले, मालिकेचे तुकडे अजून फोनवर पाहतात.

म्हणजे फसलेला सिनेमा मालिकेला काही करू शकत नाही. तुम्हाला इतकी वर्षं छळतोय तो सिनेमा फसलेला नाही, उलट नको तिथे नेमका लागलेला आहे. तुम्ही त्याला ‘वाईट सिनेमा’ म्हणता, तिथे माझी थोडी हरकत आहे. वाईट असता तर तुम्ही लेकीपासून लपवला नसता.

तो खरंच मालिका नासवतो का, हे तपासायचं असेल तर ‘आउट ऑफ गॅस’ हा भाग लावा. सिनेमा नको, तो भाग. त्यात प्रत्येकजण या यानावर कसा आला ते मागे जाऊन दाखवलंय. वॉश पहिल्यांदा यान पाहायला येतो तेव्हा त्याला झुपकेदार मिशी आहे आणि झोई मॅलला तोंडावर सांगते, की हा माणूस मला खटकतो. पुढे काय झालं हे ठाऊक असताना हा प्रसंग बघा. तो कमी गमतीचा झालाय की जास्त, हे तुम्हीच ठरवा. मला तरी तो सिनेमानंतर जास्त आवडतो.

जमलं तर शुक्रवारच्या आधी एका रात्री एकटीने सिनेमाही पाहून घ्या. तुमचं मत विशीतलं आहे, एकदाच पाहून झालेलं, आणि तेही कुठल्या दिवसांत ते वर आलंच. सिनेमे बदलत नाहीत, पण आपण आणि काळ बदलतो. ‘ट्विन पीक्स’ या मालिकेवरचा सिनेमा 1992 मध्ये आला तेव्हा चाहते चिडले होते. मालिकेतला खट्याळपणा गेला, गावातली आवडती माणसं दिसेनाशी झाली, एक मुख्य पात्र तर दुसऱ्याच अभिनेत्रीने केलं, अशा तक्रारी होत्या आणि त्या खऱ्याही होत्या. आज तोच सिनेमा अनेक जाणकार त्या दिग्दर्शकाच्या उत्तम कामांत धरतात, आणि 2017 मध्ये मालिका परत आली ती या सिनेमाचा धागा धरूनच. ‘सेरेनिटी’बद्दल तुमचं मत असंच पालटेल असं नाही. कदाचित ते पक्कं होईल. पण मग ते आजच्या तुमचं मत असेल. शिवाय तुमचं रडू असेल तर ते त्या रात्री होऊन जाईल, लेकीच्या सिनेमावर त्याचा शिडकावा नको.

वॉशचं आधी सांगायचं का? माझ्या मते नाही. ‘हा मालिकेपेक्षा कठोर आहे, आणि यात सगळेच सुखरूप राहत नाहीत’ एवढं सांगा आणि विचारा, अजून काही ऐकायचंय का? काही मुलांना खरंच आधी जाणून घ्यायचं असतं, त्याशिवाय ती नीट बसू शकत नाहीत. तुमची तशी असेल तर ती विचारेल. तिने विचारलं तर मात्र खोटं बोलू नका, ते आता दोनदा झालंय. आणि सिनेमा 13 वर्षांवरच्या मुलांना चालेल अशा श्रेणीतला आहे, तेव्हा ‘बघू नको’ म्हणायला वयाची सबब मिळणार नाही.

तो कुठे पाहायचा हेही तिलाच ठरवू द्या. ‘माझ्यासोबत बघशील का?’ असं एकदा विचारा. ती मैत्रिणीकडेच जायचं म्हणाली तर जाऊ द्या. सोबत बघितलात, तर पडद्याकडे बघा, तिच्या चेहऱ्याकडे नको. यान उतरायला लागलं की तुमचा हात तिच्या खांद्याकडे जाईल, तो आवरा, नाहीतर भाला येण्याआधीच तिला कळेल. संपल्यावर ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य घशातच ठेवा. तिला आधी बोलू द्या.

एक शक्यता तुम्ही पत्रात विचारातच घेतलेली नाही. तिला सिनेमा आवडला तर? शेवटी रिव्हर मॅलच्या शेजारी सुकाणूपाशी येऊन बसते आणि तुमची लेक म्हणाली, ‘काय भारी होता!’ तर? तुम्हाला हेच सगळ्यात जड जाईल असा माझा अंदाज आहे. तेव्हा वाद घालू नका. नुसतं विचारा, काय आवडलं? रिव्हर ही मुलगी तुम्ही पंचविशीत पाहिलीत ती वॉशच्या आणि झोईच्या मधून. तुमची लेक रिव्हरच्याच वयाच्या आसपास आहे. मोठ्यांनी डोक्यात भरलेली भीती झुगारून एकटी दार लावून घेणारी ती पोर तिला कदाचित वेगळीच दिसेल.

रडलीच, आणि ‘पुढे काय?’ असं पुन्हा विचारलं, तर यावेळी खरं उत्तर आहे. 2014 मध्ये कॉमिक्समधून सिनेमानंतरची गोष्ट आली, त्यात झोईला वॉशची मुलगी होते. बुकची हकिकतही 2010 मध्ये कॉमिकमधून आली. पण ही पुस्तकं त्याच रात्री तिच्या हातात कोंबू नका, दोन-चार आठवडे जाऊ द्या. हा सल्ला कुठल्याही मालिकेच्या चाहत्यांना लागू आहे. शेवटचा भाग आणि त्याचा सिनेमा, सिनेमा आणि त्याच्या पुढचं काही, यांत थोडं अंतर ठेवलं की प्रत्येकाला त्याचं त्याचं मोजमाप मिळतं. हल्ली सगळं एका बटणावर असतं, म्हणून ते अंतर आपल्यालाच पाडावं लागतं.

यजमानांना उत्तर द्यायचं असेल तर भांडून नको. ‘एका सिनेमासाठी एवढं काय?’ हा प्रश्न ते एखाद्या क्रिकेट सामन्याबद्दल स्वतःला कधी विचारतात का, एवढं फक्त हसत विचारा. आणि तुमच्यासारखीच दुखावलेली माणसं एकटी नाहीत, हेही सांगा. 2006 पासून याच चाहत्यांनी शहरोशहरी याच सिनेमाचे खेळ लावून स्त्री-हक्कांचं काम करणाऱ्या संस्थेसाठी निधी जमवलाय. तिथे बसलेल्यांपैकी बहुतेक सगळे त्या भाल्याला दरवर्षी दचकत असणार. त्यातल्या कुणी सिनेमाला माफ केलंय, कुणी नाही, तिकीट मात्र सगळ्यांनीच काढलंय.

सिनेमा नंतरही आवडला नाही, तर नका आवडून घेऊ. लेकीला तसं स्पष्ट सांगा, कारणांसकट, आणि तिचं म्हणणं खोडायला उत्तर तयार ठेवू नका. पण आधी ते कबुलीचं वाक्य. शुक्रवारची वाट बघू नका, आज रात्री जेवताना सांगून टाका.